कळसूबाई चढून आला, आता मुक्कामाला नको म्हणतो

ठाणे जिल्ह्यातल्या एका आईचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून त्याचा गोषवारा असा:

मुलगा दहा वर्षांचा, पाचवीत. नाताळच्या सुट्टीत त्याला भंडारदऱ्याला एका हिवाळी शिबिराला पाठवलं. चार रात्री तंबूत मुक्काम. रॅपलिंग म्हणजे दोरावरून कडा उतरणं, धरण बघणं, कळसूबाई, रोज रात्री शेकोटी. मुलांना मोबाइल न्यायला बंदी. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज ढीगभर फोटो येत आणि प्रत्येक फोटोत मुलगा हसत असे. परत आल्यावर कळसूबाईच्या शिड्यांचं वर्णन त्यानं शेजारीपाजारी सगळ्यांना ऐकवलं, प्रमाणपत्र कपाटाच्या दारावर चिकटवलं. तीन आठवड्यांनी शिबिरातल्याच दुसऱ्या एका मुलाच्या आईकडून कळलं, की दुसऱ्या रात्री त्याची स्लीपिंग बॅग ओली झाली होती. कुणाला न सांगता त्यानं ती गुंडाळून ठेवली आणि पुढच्या रात्री तशाच ओल्या बॅगेत झोपला. वासावरून मुलांच्या लक्षात आलं आणि शिबिर संपेपर्यंत त्याचं नाव ‘विल्सन डॅम’ पडलं, भंडारदऱ्याच्या धरणाचं नाव. त्या दुसऱ्या रात्री झोपण्याआधी त्यानं एका दादाला घरी फोन लावून द्यायला सांगितलं होतं, त्यावर ‘उद्या बघू’ एवढंच उत्तर मिळालं. सातव्या वर्षापर्यंत तो अंथरुणात शू करायचा, त्यानंतर वर्षातून एखाद्या वेळी. शिबिराच्या फॉर्मवर आईनं हे लिहिलं नव्हतं. निघताना मात्र त्याला सांगितलं होतं, ‘नाही आवडलं तर फोन कर, मी लगेच न्यायला येईन.’ आता फेब्रुवारीत मामेबहिणीच्या लग्नासाठी साताऱ्याला दोन रात्री राहायचं आहे, तर ‘पोटात दुखतं’ म्हणून तो नको म्हणतोय. वडील म्हणतात, कळसूबाई चढला ना, बाकीचं विसरेल. पुढच्या डिसेंबरला परत पाठवू म्हणजे मन घट्ट होईल. आगाऊ नोंदणीची सवलत फेब्रुवारीअखेर संपते आहे. आजी म्हणतात, मी आधीच सांगत होते. आईचे प्रश्न तीन: माझं चुकलं का? आयोजकांकडे तक्रार करावी का? आणि त्याला परत पाठवावं का?

ताई,

तुमचे तीनही प्रश्न शिबिराभोवती फिरतात. पण साताऱ्याचं जे तुम्ही पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिलंत, त्यापाशी मी जास्त वेळ थांबले. साताऱ्याला तंबू नाही, शिबिरातली मुलं नाहीत, तो ‘उद्या बघू’वाला दादा नाही. आई-बाबा दोघंही सोबत आहेत. तरी त्याच्या पोटात दुखतंय. लग्नघरात काय असतं ते आठवून बघा. कार्यालयाच्या हॉलमध्ये रांगेनं गाद्या टाकलेल्या, सगळी चुलत-मामे भावंडं एकमेकांना खेटून झोपलेली, पहाटे सनई सुरू झाली की कुणीतरी येऊन पांघरुणं ओढणार. ज्याच्या मनात ‘पुन्हा तसं झालं तर?’ ही धास्ती आहे, त्याच्यासाठी हा हॉल तंबूपेक्षा अवघड. तंबूतली मुलं परत भेटणार नव्हती, भावंडं तर जन्मभर भेटत राहणार.

म्हणून मला वाटतं, शिबिर त्याला नकोसं झालेलं नाही. घराबाहेरची रात्र नकोशी झाली आहे. शिबिराला परत पाठवायचं की नाही हा तुमच्या घरातला वाद आहे, त्याचा नव्हे. त्याची अडचण या फेब्रुवारीतली आहे आणि डिसेंबरच्या नोंदणीनं ती सुटणार नाही.

आता एक गोष्ट तुम्ही स्पष्ट लिहिली नाहीत, पण पत्रभर जाणवते. त्यानं तुम्हाला सांगितलं नाही, याचं तुम्हाला लागलंय. तीन आठवडे तो ‘मस्त होतं, मस्त होतं’ म्हणत राहिला, ते खोटं होतं का? मला तसं वाटत नाही. कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. डिसेंबरच्या वाऱ्यात, थंडगार लोखंडी शिड्यांना धरून दहा वर्षांचं पोर महाराष्ट्राच्या सगळ्यात उंच जागी उभं राहिलं, तो आनंद शंभर टक्के खरा होता. रात्रीची लाजही तितकीच खरी होती. घरात मात्र दोघांनी एकेक वाटून घेतलंय. त्याच्या बाबांनी शिखर धरलंय, तुम्ही रात्र धरली आहे. त्याच्या हिशेबी हे दोन्ही एकाच चार दिवसांत घडलं आणि दोन्ही त्याचंच आहे. ‘एवढं सोसलंस आणि आम्हाला मस्त म्हणून सांगितलंस?’ असं चुकूनही म्हणू नका. शिखरसुद्धा त्याच्या हातून काढून घेतल्यासारखं होईल.

राहिले ग्रुपवरचे फोटो. ते पालकांसाठी असतात. फोटो काढणारा ‘हात वर करा, जोरात ओरडा’ म्हणतो आणि मुलं ओरडतात. दिवसातून पन्नास फोटो आले की आपण त्यात आपलं पोर शोधतो, स्वेटर घातलाय का ते बघतो आणि निश्चिंत होतो. रात्री दोन वाजता तंबूत कोण जागं आहे याचा फोटो कुणी टाकत नाही. तुम्हाला त्या फोटोंतून काही कळायलाच हवं होतं, असं मानू नका.

आता त्या रात्रीबद्दल. हा भाग तुमच्या घरात तिघांनाही नीट माहीत असायला हवा, म्हणून जरा सविस्तर लिहिते. झोपेत शू होणं मुलाच्या हातात नसतं. रात्री लघवी कमी तयार व्हावी म्हणून शरीरात एक संप्रेरक वाढतं, आणि मूत्राशय भरलं की मेंदूनं झोपमोड करायची असते. काही मुलांत ही जुळणी उशिरा होते, एवढंच. पाचव्या वर्षी साधारण सात मुलांमागे एकाला हा त्रास असतो, दहाव्या वर्षीही वीस मुलांमागे एकाला असतो, मुलग्यांमध्ये जास्त. बहुतेकांचा वाढत्या वयाबरोबर आपोआप जातो. म्हणजे चाळीस मुलांचं शिबिर घेणाऱ्यानं अशी एक-दोन मुलं आलेली असणार, असं धरूनच चालायला हवं.

त्यात भंडारदऱ्याचा डिसेंबर. जलाशयाकाठी रात्री पारा दहाच्या आसपास उतरतो, कधी त्याहूनही खाली. थंडीत त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्त शरीराच्या आतल्या भागात जास्त राहतं आणि मूत्रपिंडं जास्त लघवी तयार करतात. मोठ्या माणसांनाही थंडीत चार वेळा उठावं लागतं, ते याचमुळे. वर शेकोटीपाशी रात्री नऊ-दहाला गरम चहा किंवा सूप. दिवसभर चढ-उतार करून आलेली गाढ झोप. आणि शौचालय तंबूपासून लांब, बाहेर मिट्ट काळोख, स्लीपिंग बॅगची चेन उघडून, शेजारच्याला ओलांडून, बूट शोधून एकट्यानं जायचं. झोपण्याआधीच ‘नको, सकाळी जाऊ’ असं त्यानं ठरवलं असण्याची दाट शक्यता आहे. एवढं सगळं एकत्र आल्यावर जे झालं त्यात नवल नाही. नवल वाटतं ते दहा वर्षांच्या मुलानं त्या कडाक्यात ओल्या बॅगेत आणखी एक रात्र काढली आणि सकाळी उठून रांगेत उभा राहिला, याचं. मन घट्ट व्हायला हवं म्हणणाऱ्या त्याच्या बाबांना माझा हा निरोप द्या. घट्टपणाच बघायचा असेल तर तो त्यानं तिथे दाखवलाय. पण असा घट्टपणा पोरांना दाखवावा लागू नये, हे बघणं मोठ्यांचं काम आहे.

तुमचं चुकलं का? फॉर्मवर लिहायला हवं होतं, हो. तुम्हाला ते कळलंय, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही. तुम्ही का लिहिलं नाहीत हेही समजतं. तो रकाना कोण वाचेल, मुलाच्या देखत कोण बोलेल, याची खात्री नव्हती. फक्त इतर वाचकांसाठी सांगते, की फॉर्मवर ‘नाही’ लिहिलं की मुलाला गुपित सांभाळायचं कामही आपण नकळत देतो. त्याला असा अर्थ लागतो, की हे कुणाला कळता कामा नये. फॉर्मवर लिहायचं नसेल तर मुख्य ताई किंवा दादांना फोन करून सांगा आणि मुलालाही सांगा, की अमुक ताईला ठाऊक आहे, तिच्याकडे जायचं. असं माणूस ठरलेलं असतं तर ती बॅग सकाळीच उन्हात वाळत पडली असती.

ज्याबद्दल तुम्ही स्वतःला दोष दिला नाहीत, त्या दुसऱ्या वाक्याकडे मात्र बघू या. ‘नाही आवडलं तर फोन कर, मी लगेच न्यायला येईन.’ हे आपण सगळेच मायेनं म्हणतो. घराच्या आठवणीनं व्याकूळ होणाऱ्या मुलांबद्दल ख्रिस थर्बर आणि एडवर्ड वॉल्टन यांनी अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेसाठी २००७ मध्ये एक मार्गदर्शक टिपण लिहिलं होतं. त्यात पालकांना जे करू नका म्हणून सांगितलंय, त्यात नेमकं हे वचन आहे. घरापासून लांब गेल्यावर जवळजवळ प्रत्येकालाच कमी-जास्त आठवण येते, मुलांना तशी मोठ्यांनाही. न्यायला येण्याचं वचन मिळालं, की मूल त्या आठवणीशी दोन हात करण्याऐवजी सुटकेची वाट बघत बसतं. शिवाय त्याला असंही वाटतं, की आईलाच खात्री नाही आपण राहू शकू याची. तुमच्या बाबतीत आणखी एक झालं. वचन तुम्ही दिलंत आणि ते पाळणं दुसऱ्याच्या हातात होतं. मोबाइल त्याच्याकडे नव्हता. त्यानं तुमच्या सांगण्याप्रमाणे फोन मागितला, मिळाला नाही, आणि त्याच रात्री ते घडलं. दहा वर्षांच्या डोक्यात याची सांगड कशी बसली असेल, सांगता येत नाही. कदाचित तो तुमच्यावर थोडा रागावलेलाही असेल. असला तर असू द्या, त्याला तो हक्क आहे.

त्या टिपणातले सल्ले आपल्याकडेही अगदी सहज जमण्यासारखे आहेत. जायचं की नाही, कुठे जायचं, हे ठरवताना मुलाला सामील करा. आधी एकेक-दोनदोन रात्री ओळखीच्या घरी राहण्याचा सराव होऊ द्या. आठवण येईल आणि आली तर काय करायचं, हे आधीच बोलून ठेवा. आपल्याकडे मे महिन्यात मामाकडे, दिवाळीत आत्याकडे राहणं हा असाच सराव होता, कुणी त्याला सराव म्हणत नव्हतं. आता घरं लहान झाली, आत्या नोकरीवर जाते, सुट्ट्या जुळत नाहीत, आणि काही मुलं आयुष्यातली आई-बाबांशिवायची पहिली रात्र थेट चाळीस अनोळखी मुलांबरोबर तंबूत काढतात. मोठी उडी आहे ही. त्याची पहिली रात्र तीच होती का, हे तुमच्या पत्रात नाही. असेल तर बरंचसं तिथेच उलगडतं.

आता तक्रारीचं. इथे तीन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. त्याला घरची आठवण आली, हा कुणाचाच दोष नाही. बॅग ओली झाली, हाही कुणाचा दोष नाही. पण फोन मागणाऱ्या मुलाला ‘उद्या बघू’ म्हणून झोपायला पाठवणं, सकाळी बिछाने कुणी न बघणं, एक मुलगा ओल्यात झोपला हे रात्री कुणाला न कळणं, आणि दीड दिवस सगळ्यांसमोर एका मुलाला टोपणनावानं हाका मारल्या जात असताना एकाही दादा-ताईच्या कानावर ते न जाणं, किंवा जाऊन त्यांनी हसून सोडून देणं, हे आयोजकांचं. फोन लावून द्यायलाच हवा होता असं मी म्हणत नाही. रात्री दहा वाजता आईचा आवाज ऐकवला की काही मुलं आणखी कोसळतात, आणि अनुभवी शिबिरवाले म्हणूनच तो टाळतात. पण टाळायचा तर त्याच्या जागी काहीतरी द्यायला हवं. शेजारी बसणं, काय झालं विचारणं, तंबूची जागा बदलणं. ‘उद्या बघू’ म्हणून निघून जाणं हे काही देणं नव्हे.

तेव्हा लिहा, जरूर लिहा. पण पालकांच्या ग्रुपवर नाही, तिथे मुलाची अब्रू दुसऱ्यांदा जाईल. आयोजकांच्या प्रमुखाला वेगळी ईमेल करा. आणि त्याआधी मुलाला सांगा, की मी असं लिहिणार आहे, त्यात काय लिहू आणि काय नको? आपल्याबद्दलचं पत्र आपल्याला विचारून गेलं, एवढ्यानंही त्याचा ताठपणा थोडा परत येईल. पत्रात पैसे परत मागू नका, पैशाचा विषय आला की बाकीचं बाजूला पडतं. घडलं ते तारखेनिशी, विशेषणं न लावता लिहा आणि थेट विचारा: रात्री जागं कोण असतं? ओल्या बिछान्याचं तुम्ही काय करता? रडणाऱ्या किंवा फोन मागणाऱ्या मुलाबाबत दादा-ताईंना काय शिकवलेलं असतं? टोपणनावं आणि चिडवणं कोण थांबवतं? उत्तर कसं येतं त्यावरून पुढचं बरंच ठरेल. ‘मुलांमध्ये असं चालायचंच’ असं आलं तर पुढच्या डिसेंबरचा प्रश्न तिथेच मिटला. ‘आमच्याकडून राहिलं, यापुढे असं करू’ असं आलं तर ती माणसं बोलण्यासारखी आहेत.

ज्या मुलांनी चिडवलं त्यांच्या घरी मात्र फोन करू नका. ती नऊ-दहा वर्षांची पोरं, सकाळी धरण बघून आलेली, त्यांना ते नाव सुचणारच. थांबवायला मोठी माणसं तिथे होती. आणि ज्या आईनं तुम्हाला सांगितलं तिचे आभार माना, तिच्या मुलानं घरी येऊन हे सांगितलं याचा अर्थ त्यालाही ते खटकलं होतं. हे पुढे कुणाला सांगू नका एवढी विनंती तिला करा.

एक अवघड गोष्ट, तुमच्या पत्रात तिची कुठलीही खूण नसली तरी विचारून ठेवायला हवी. घराबाहेरच्या मुक्कामानंतर मूल रात्रीला घाबरू लागलं, पोटात दुखण्याच्या तक्रारी करू लागलं, तर कुणी नको तसा हात लावला का, धमकावलं का, हे एकदा शांतपणे विचारावं. नावं सुचवत, ‘त्या दादानं काही केलं का?’ असं नाही. ‘तिथे कुणाचं वागणं तुला आवडलं नाही, असं काही झालं का?’ एवढंच विचारा आणि गप्प बसा. काही निघालं तर ते आयोजकांशी पत्रव्यवहाराचं प्रकरण राहत नाही. २०१२च्या पॉक्सो कायद्याखाली ते पोलिसांकडे जायलाच हवं, आणि १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवरही मदत मिळते. बहुतेक घरांत काही निघत नाही. तरी विचारलेलं बरं.

मुलाशी बोलायचं कसं? तुम्हाला कळलंय हे त्याच्यापासून लपवून ठेवू नका. तो ओळखेल, आणि मग दोघंही एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत बसाल. पण त्याला समोर बसवून, दार लावून, आवाज हळू करूनही नको. मुलं समोरासमोर बोलत नाहीत, शेजारी असली की बोलतात. स्कूटरवरून क्लासला सोडताना, मटार सोलताना, रात्री दिवा घालवल्यावर. बोलणं लहान ठेवा: ‘शिबिरात तुझी बॅग ओली झाली होती, ते मला कळलं. थंडीत असं होतं. मी आधी ताईंना सांगून ठेवायला हवं होतं, ते राहिलं.’ एवढं बोलून विषय बदलायलाही हरकत नाही. त्याला वाटलं तर चार दिवसांनी तो स्वतः येईल. ‘तू का नाही सांगितलंस’ हा प्रश्न कितीही जिभेवर आला तरी गिळा.

आणि सासूबाईंना एकदा हळूच विचारा, की यांचं लहानपणी कसं होतं? हा त्रास बऱ्याचदा घराण्यात असतो. आई किंवा वडील, कुणाला तरी लहानपणी असेल तर मुलाला होण्याची शक्यता बरीच वाढते. ‘मी आधीच सांगत होते’ म्हणणाऱ्या आजींना यातलं काही आठवत असेल तर त्यांच्याइतका चांगला साक्षीदार नाही. तुमच्या माहेरीही चौकशी करा, फक्त सासरचं दप्तर उघडू नका. असं काही निघालं आणि बाबांनीच त्याला सांगितलं, की मीही आठव्या वर्षापर्यंत असाच होतो आणि मला काकांच्या घरी जायची भीती वाटायची, तर माझ्या या लांबलचक उत्तराची फारशी गरज उरणार नाही. नसेल तसं काही, तर खोटं सांगू नका.

डॉक्टरांकडे एकदा जाऊन या. घरी परत आल्यापासून रात्री पुन्हा होऊ लागलं असेल, दिवसाही घाई होत असेल, लघवी करताना जळजळत असेल, फार तहान लागत असेल, वजन उतरलं असेल, जोरात घोरत असेल, तर जायलाच हवं. बद्धकोष्ठतेबद्दलही आवर्जून सांगा. भरलेलं आतडं मूत्राशयावर दाब देतं आणि रात्रीचा त्रास वाढतो, हे पालकांच्या सहसा लक्षात येत नाही. पोटात दुखणं कदाचित निव्वळ निमित्त नसेलही. मुक्कामापुरतं देता येतं असं एक औषध आहे, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं. ते घेतल्यावर रात्री पाणी किती प्यायचं याचे कडक नियम असतात, ओळखीच्या कुणाकडून मागून आणून देण्यातलं ते नाही. आणि पुढचे काही आठवडे झोप, भूक, शाळेत जाणं यांत फरक पडत गेला, घराबाहेर पडणंच तो टाळू लागला, तर बालमानसतज्ज्ञांची एक-दोन सत्रं घ्यायला संकोच करू नका.

पुढच्या डिसेंबरबद्दल माझं मत सरळ आहे. सवलत जाऊ द्या. फेब्रुवारीत त्याला विचाराल तर तो भीतीनं ‘नाही’ म्हणेल किंवा बाबांना खूश करायला ‘हो’ म्हणेल, आणि दोन्ही उत्तरं डिसेंबरपर्यंत टिकणार नाहीत. ऑक्टोबरात, शाळेची सहामाही संपल्यावर, त्यानं विषय काढला तर बोला. त्याला कळसूबाई आवडली आहे. तंबूतच राहायला हवं असं कुठे आहे? पहाटे निघून, बारी गावातून चढून, रात्री घरी परत येता येतं. बाबांना मुलाचं मन घट्ट करायचंच असेल तर त्यांनीच त्याला घेऊन जावं. मला तर हाच सगळ्यात चांगला पर्याय वाटतो, आणि शिबिराच्या फीपेक्षा कितीतरी स्वस्त.

पुन्हा शिबिर निवडायची वेळ आलीच, तर पत्रकावरच्या खेळांची यादी शेवटी वाचा. आधी रात्रीबद्दल विचारा. तंबूत किती मुलं, त्यांच्यात मोठं माणूस कुठे झोपतं, शौचालय किती पावलांवर आहे आणि तिथपर्यंत दिवा आहे का, झोपण्याआधी सगळ्यांना नेऊन आणतात का, जास्तीच्या बॅगा ठेवतात का. घरी फोन करण्याचा नियम काय आणि तो मुलांनाही सांगितलेला असतो का. राज्य सरकारनं २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यानुसार असे उपक्रम घेणाऱ्यांना पर्यटन विभागाकडे नोंदणी करावी लागते. रॅपलिंग असेल तर नोंदणीचं प्रमाणपत्र मागायला लाजू नका. दोरांबद्दल बहुतेक जण फाडफाड उत्तरं देतात, रात्रीबद्दल विचारलं की अडखळतात. अडखळण्यातून जे कळतं ते कुठल्याही पत्रकात नसतं.

साताऱ्याचं आधी बघा, दिवस थोडे आहेत. जाणं रद्द करू नका. यावेळी घरी ठेवलंत तर पुढच्या लग्नाला जाणं आणखी कठीण होईल. पण ‘सगळ्या भावंडांत झोपायचं’ हा आग्रहही सोडा. तुमच्या भावाला आत्ताच फोन करून एका खोलीची सोय करा, कारण द्यायची गरज नाही, लग्नघरात ‘मला पहाटे लवकर उठायचंय’ एवढं पुरतं. त्याला दोन पर्याय द्या: हॉलमध्ये भावंडांजवळ, पण दाराशेजारच्या कडेच्या गादीवर आणि बाजूला बाबा, किंवा खोलीत तुमच्याजवळ. निर्णय त्याचा, आणि तो ऐनवेळी बदलला तरी चालेल. संध्याकाळनंतर सरबतं आणि चहा आवरता घ्या, पाणी पूर्ण तोडू नका. झोपण्याआधी एकदा आणि तुम्ही झोपायला जाताना एकदा त्याला उठवून न्या, हे त्याला आधी विचारून ठरवा. गडद रंगाची दुलई, जास्तीची एक पँट, गादीवर टाकायचं प्लास्टिक आणि तोंड घट्ट बंद होणारी एक पिशवी, हे सगळं त्याच्याच सॅकमध्ये, त्यानं स्वतः भरलेलं असू द्या. कुठे काय ठेवलंय ते फक्त तुम्हा दोघांना आणि बाबांना माहीत असलं की झालं. आजींना हे आधी सांगायचं की नाही, ते त्यालाच विचारा.